जीवशास्त्राच्या ९६ संज्ञा: पत्त्यांच्या एका संचाचा दोन महिन्यांचा अनुभव

जूनच्या पहिल्या आठवड्यात दादर पश्चिमेला वह्या-पुस्तकांच्या खरेदीसाठी गेले होते. तिथे एका दुकानाच्या गल्ल्याशेजारी जीवशास्त्रातील मूलभूत संज्ञांच्या पत्त्यांचा एक संच मांडलेला दिसला आणि भाचीसाठी तो घेतला. खोक्यात ९६ पत्ते आहेत आणि किंमत ३८० रुपये आहे. पत्त्याच्या पुढच्या बाजूला मराठी संज्ञा ठळक अक्षरांत व तिच्याखाली इंग्रजी शब्दाचा देवनागरीतील उच्चार आहे. मागच्या बाजूला त्या संज्ञेची फोड, दोन-तीन ओळींची व्याख्या आणि एक रेखाचित्र आहे. भाची परळच्या एका शाळेत सेमी-इंग्रजीच्या नववीत आहे, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून शिकते. मी २६ वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले आहे. दोन महिने आम्ही दोघींनी जवळजवळ रोज संध्याकाळी हे पत्ते वापरले, त्या अनुभवावरून हे लिहीत आहे. प्रकाशकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण सापडलेल्या चुका त्यांना पत्राने कळवल्या आहेत आणि पुढच्या आवृत्तीत त्या दुरुस्त करण्याची संधी त्यांना मिळायला हवी.

या संचाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे संज्ञेची फोड. आपल्याकडे व्याख्या पाठ करून घेण्याची रीत इतकी रुळली आहे, की शब्द उघडून पाहण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. पण मराठीतील बऱ्याचशा जीवशास्त्रीय संज्ञा घडवणाऱ्यांनी त्यांत अर्थ नीट बांधून ठेवलेला आहे. तंतुकणिका, म्हणजे पेशीला ऊर्जा मिळवून देणारे अंगक, या पत्त्याचेच पाहा. इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलीला मायटोकाँड्रिया हा शब्द केवळ उच्चाराने लक्षात ठेवावा लागतो. १८९८ मध्ये कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञाने तो तयार केला, तेव्हा त्याने ग्रीक भाषेतील धागा आणि कण या अर्थांचे दोन शब्द जोडले होते, कारण सूक्ष्मदर्शकाखाली ती अंगके कधी धाग्यांसारखी तर कधी दाण्यांसारखी दिसत. मराठी संज्ञेत तेच दोन्ही शब्द जसेच्या तसे आहेत आणि ते समजण्यासाठी ग्रीक यावे लागत नाही. पत्त्यावर ही फोड दिलेली आहे आणि शेजारच्या रेखाचित्रात लांबट व गोल असे दोन्ही आकार काढलेले आहेत. आठवीपासून हा शब्द भाचीला परका वाटत होता. या पत्त्यानंतर तिला तो पुन्हा विचारावा लागला नाही.

गुणसूत्राच्या बाबतीत तर मराठी संज्ञा इंग्रजीच्या पुढे जाते. क्रोमोसोम या शब्दाचा मूळ अर्थ रंगीत शरीर एवढाच आहे. १८८८ मध्ये वाल्डायर यांनी हे नाव सुचवले तेव्हा ते धागे विशिष्ट रंगद्रव्ये चटकन शोषून घेतात, एवढेच ठळकपणे माहीत होते आणि त्यांचे काम पुरते उलगडले नव्हते. मराठीत संज्ञा घडली तोपर्यंत आनुवंशिक गुण याच धाग्यांवरून पुढच्या पिढीत जातात हे सिद्ध झालेले होते, त्यामुळे नावातच गुण आणि सूत्र दोन्ही आले. याच संचात सूत्री विभाजन आणि अर्धगुणसूत्री विभाजन हे पेशीविभाजनाच्या दोन प्रकारांचे पत्ते लागोपाठ ठेवले आहेत, हे फार बरे केले आहे. माणसाच्या शरीरपेशीत ४६ गुणसूत्रे असतात. सूत्री विभाजनानंतरच्या दोन्ही पेशींत ती ४६ राहतात आणि अर्धगुणसूत्री विभाजनातून तयार होणाऱ्या युग्मकांत, म्हणजे प्रजननपेशींत, ती २३ होतात. संज्ञेतील अर्ध हा शब्द नेमका याच निम्म्या संख्येचा आहे हे एकदा दिसले, की परीक्षेत या दोन विभाजनांची अदलाबदल होण्याचे कारण उरत नाही.

ऊती या पत्त्याजवळ मी जरा जास्त थांबले. माझे वडील लालबागच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, कामाला होते, त्यामुळे ताणा आणि बाणा हे शब्द आमच्या घरात रोजचे होते. ऊती हा शब्द विणणे या अर्थाच्या संस्कृत धातूपासून आला आहे आणि इंग्रजीतील टिश्यू हा शब्दही विणलेल्या कापडासाठी असलेल्या जुन्या फ्रेंच शब्दापासूनच आला आहे. उभ्या-आडव्या धाग्यांची जशी एक वीण होते, तशा सारख्या रचनेच्या पेशी एकत्र येऊन एक ठरावीक काम करतात, तेव्हा त्या समूहाला ऊती म्हणतात, असे पत्त्यावर लिहिले आहे. त्याच्या शेवटी रक्त हीदेखील एक ऊती आहे अशी एक ओळ आहे, ती मला विशेष आवडली. प्रवाही असलेले रक्त विणलेले कसे, असा प्रश्न भाचीने लगेच विचारला. त्यावरून रक्तद्रव्य या द्रव माध्यमात पेशी विखुरलेल्या असल्या तरी त्या मिळून एकच व्यवस्था चालवतात, म्हणून रक्ताची गणना संयोजी ऊतींमध्ये होते, हे समजावून सांगता आले. मुलाला प्रश्न पडेल अशी एक ओळ प्रत्येक पत्त्यावर असायला हवी होती. ती मोजक्याच पत्त्यांवर आहे.

सर्वच संज्ञा अशा उघडता येत नाहीत, हेही सांगायला हवे. पेशी हा सर्वांत पहिला पत्ता आणि नेमका तिथेच मराठी शब्द मुलाला मदत करत नाही. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात लहान लहान कप्पे पाहून त्यांना सेल, म्हणजे खोली, हे नाव दिले. हिंदीतील कोशिका या शब्दात तो कप्पा दिसतो. मराठीतील पेशी हा शब्द मात्र मांसाच्या गोळ्यासाठी असलेल्या संस्कृत शब्दावरून आलेला आहे. याचा परिणाम आज मुंबईतील मुलांना फार जाणवतो, कारण शाळेत इंग्रजी, घरी मराठी आणि मोबाइलवरच्या अभ्यासाच्या व्हिडिओंत हिंदी अशा तीन भाषांतून त्यांचे विज्ञान येते. हिंदी शिक्षक पेशी म्हणतात तेव्हा त्यांना स्नायू अभिप्रेत असतो आणि ते स्नायुतंत्र म्हणतात तेव्हा अनेकदा त्यांना आपली चेतासंस्था म्हणायची असते. लिपी एक, शब्द एक आणि अर्थ दोन. भाचीने वहीत एके ठिकाणी हृदय पेशीचे बनलेले असते असे एकवचनात लिहून ठेवले होते, त्याचे मूळ मला या पत्त्यामुळेच सापडले. अशा आठ-दहा शब्दांसाठी संचात एक वेगळा पत्ता असता, तर मुंबईच्या मुलांवर मोठे उपकार झाले असते.

या गोंधळात संच स्वतःच एके ठिकाणी सापडला आहे आणि ही चूक मला गंभीर वाटते. प्रजाती या पत्त्यावर इंग्रजी शब्द म्हणून स्पीशिज छापले आहे. आपल्या शालेय पुस्तकांत वर्गीकरणाची उतरंड सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी आहे, म्हणजे प्रजाती हा जीनसचा आणि जाती हा स्पीशिजचा पर्याय आहे. हिंदीत मात्र स्पीशिजला प्रजाति म्हणतात आणि तिथूनच हा वापर आपल्या वर्तमानपत्रांत शिरला आहे. संचात जाती हा पत्ताच नाही, त्यामुळे मूल परीक्षेत नेमके उलटे लिहून येणार. आम्ही हा पत्ता बाजूला ठेवला आणि चाळीजवळच्या तीन झाडांवरून तो धडा पुन्हा केला. वड, पिंपळ आणि उंबर या तिघांची प्रजाती एकच, फायकस. जाती मात्र वेगवेगळ्या, म्हणून त्यांची शास्त्रीय नावे अनुक्रमे फायकस बेंघालेन्सिस, फायकस रिलिजिओसा आणि फायकस रेसिमोसा अशी आहेत. तिन्ही झाडांचे पान वा फांदी तोडली की पांढरा चीक येतो आणि तिघांचीही फुले फळासारख्या दिसणाऱ्या गोलाच्या आत दडलेली असतात. हे साम्य प्रजातीचे आहे आणि पिंपळाच्या पानाला असलेले लांब टोक वडाच्या पानाला नसते हा फरक जातीचा आहे.

श्वसन या पत्त्याबद्दलही तक्रार आहे. त्यावर ऑक्सिजन आत घेणे व कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडणे म्हणजे श्वसन, अशी व्याख्या असून शेजारी नाक आणि फुप्फुसांचे चित्र आहे. ही क्रिया श्वासोच्छ्वासाची झाली. श्वसन पेशीत घडते. तिथे ग्लुकोजचे विघटन होऊन ऊर्जा मिळते, ऑक्सिजन वापरला जातो आणि कार्बन डायऑक्साइड व पाणी तयार होते. या क्रियेचा मोठा भाग त्याच तंतुकणिकेत होतो, जिचा इतका सुरेख पत्ता याच खोक्यात आहे. फुप्फुसे नसलेली झाडे, गांडूळ आणि यीस्टसुद्धा श्वसन करतात. झाडे दिवसा प्रकाशसंश्लेषण आणि रात्री श्वसन करतात, हा समज मी वर्गात दरवर्षी खोडून काढत असे, कारण झाडांचे श्वसन दिवसरात्र चालूच असते. चुकीच्या चित्राने हा समज आणखी घट्ट होतो. केंद्रक या पत्त्यावरचे विधानही असेच सैल आहे. प्रत्येक पेशीत केंद्रक असते, असे तिथे लिहिले आहे, पण जीवाणूंच्या पेशीत सुस्पष्ट केंद्रक नसते आणि माणसाच्या पक्व लोहित रक्तपेशींतही ते नसते. बहुतेक हा एक शब्द घातला असता तरी वाक्य निर्दोष झाले असते.

जीवाणू आणि विषाणू या दोन पत्त्यांवर जवळजवळ एकच मजकूर आहे: डोळ्यांना न दिसणारे व रोग पसरवणारे सूक्ष्मजीव. मुंबईतील मुलांसाठी काढलेल्या वस्तूत ही हयगय मला फार खटकली. जुलै-ऑगस्टमध्ये या शहरात ज्या तीन तापांची घरोघरी धास्ती असते, त्यांचे कारण तीन निरनिराळ्या प्रकारचे आहे. डेंग्यू विषाणूमुळे होतो. विषाणूला पेशीच नसते. प्रथिनांच्या आवरणात गुंडाळलेला आनुवंशिक मजकूर एवढेच त्याचे स्वरूप असते आणि दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय त्याला स्वतःची प्रत काढता येत नाही. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, जीवाणूमुळे होतो. उंदरांच्या मुतातून तो साचलेल्या पाण्यात येतो आणि पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतो. तो पूर्ण, स्वतंत्र पेशी आहे. मलेरियाचा परजीवी या दोघांहून वेगळा, केंद्रक असलेला एकपेशीय आदिजीव आहे. एडिस डास डेंग्यू पसरवतो आणि अ‍ॅनॉफेलिस डास मलेरिया, पण दोन्ही आजार डासांचे असले तरी त्यांची कारणे वेगळी, म्हणून औषधे एक नसतात. प्रतिजैविक औषध जीवाणूवर चालते, विषाणूवर चालत नाही, हे ज्या मुलाला दहाव्या वर्षी कळले, ते मोठेपणी सर्दीसाठी स्वतःहून प्रतिजैविकाच्या गोळ्या आणून खाणार नाही. शिवाय बहुसंख्य जीवाणू रोग पसरवत नाहीत. आमच्या फडताळातले दही त्यांनीच लावलेले असते.

भाचीला हा फरक सांगताना मी तिला परळच्या हाफकिन संस्थेवरून नेले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगच्या जीवाणूंची वाढ करून, ते उष्णतेने मारून लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांची प्रयोगशाळा आली आणि १९२५ मध्ये संस्थेला त्यांचे नाव मिळाले. रोगाचे कारण जीवाणू आहे हे ठाऊक असल्यामुळेच त्याची वाढ करून लस करता आली. इतका मोठा दाखला शहरात उभा असताना पत्त्यावर काळ्या ठिपक्यांचे एक निरर्थक चित्र असावे, याचे वाईट वाटते. अनुकूलनाच्या, म्हणजे परिस्थितीशी जुळवून घेण्याच्या, पत्त्यावरही पुन्हा तोच उंट आणि तोच निवडुंग आहे. मानखुर्दहून वाशीला जाताना लोकलच्या खिडकीतून खाडीकाठचे तिवर दिसते. चिखलात हवा मिळत नाही म्हणून त्याची मुळे पेन्सिलीसारखी वर आलेली असतात आणि पानांवर जादा मिठाचे कण उत्सर्जित झालेले असतात. मुंबईच्या मुलाला रोज दिसणारे हे अनुकूलन आहे.

संचात सुचवलेले घरगुती प्रयोग मात्र मनापासून केलेले दिसतात. परासरणाच्या, म्हणजे पटलातून पाणी आत-बाहेर जाण्याच्या, पत्त्यावर बेदाणे पाण्यात भिजत घालायला सांगितले आहे. तो प्रयोग चांगला आहे, पण आम्ही पुढे जाऊन माझा जुना सूक्ष्मदर्शक बाहेर काढला. आधी साधा पांढरा कांदा चिरून आतल्या पाकळीच्या खोलगट बाजूची पातळ साल चिमट्याने सोडवली, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरली, आयोडीनचा एक थेंब टाकला आणि बुडबुडा राहू नये म्हणून आच्छादक काच तिरकी धरून हळूच टेकवली. विटांच्या भिंतीसारख्या ओळीत लांबट पेशी दिसल्या आणि प्रत्येकीत एक पिवळसर तपकिरी ठिपका दिसला. भाची बराच वेळ डोळा लावून बसली आणि म्हणाली, “मावशी, पत्त्यावर केंद्रक मधोमध आहे, इथे सगळी कडेला सरकली आहेत.” तिचे निरीक्षण बरोबर होते. कांद्याच्या पेशीत मधली बहुतेक जागा मोठ्या रिक्तिकेने, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशवीने, व्यापलेली असते, म्हणून पेशीद्रव्य आणि केंद्रक भिंतीलगत ढकलले जातात. रिक्तिका हा पत्ता तोवर तिने नुसता वाचला होता.

मग लाल कांद्याच्या बाहेरच्या जांभळ्या बाजूची साल घेतली. हिच्यात रिक्तिकेतच रंग असल्यामुळे आयोडीन लागत नाही. काचेच्या एका कडेला मिठाच्या घट्ट पाण्याचा थेंब ठेवला आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून ते पाणी आत ओढून घेतले. मिनिटा-दोन मिनिटांत जांभळा भाग पेशीभित्तिकेपासून सुटू लागला आणि आक्रसत पेशीच्या मध्ये गोळा झाला; भित्तिका होती तशीच राहिली. बाहेर मिठाचे प्रमाण जास्त, आत कमी, म्हणून निवडक पदार्थांनाच वाट देणाऱ्या, म्हणजे निवडक्षम, पटलातून पाणी बाहेर गेले. यालाच रससंकोच म्हणतात आणि खोक्यात त्याचा पत्ता आहे. “लोणच्याच्या कैरीला मीठ चोळून ठेवलं की आईच्या पातेल्यात पाणी सुटतं, ते हेच ना?” असे तिने विचारले. पाणी सुटणे हा आपल्या स्वयंपाकघरातला रोजचा शब्द परासरणाच्या पत्त्यावर असायलाच हवा होता, असे मी प्रकाशकांना कळवले आहे.

छपाई आणि कागदाबद्दल थोडक्यात सांगते. अक्षरे मोठी आणि जोडाक्षरे स्वच्छ आहेत, पण वनस्पतींच्या गटातील मजकूर फिक्या हिरव्या रंगात असल्याने ट्यूबलाइटच्या उजेडात वाचताना डोळे ताणावे लागतात. पत्त्यांना प्लॅस्टिकचा थर नाही, त्यामुळे जुलैच्या दमट हवेत ते सादळून कडा वर वळल्या. आम्ही ते आता झाकणाच्या डब्यात ठेवतो. खोके मात्र मजबूत आहे.

मी एकूण ११ पत्त्यांवर पेन्सिलने दुरुस्त्या केल्या आहेत. प्रजाती, श्वसन, केंद्रक, जीवाणू आणि विषाणू हे पाच पत्ते मोठ्या माणसाने आधी तपासूनच मुलाच्या हातात द्यावेत. उरलेल्या ८५ पत्त्यांसाठी ३८० रुपये जास्त नाहीत, विशेषतः सेमी-इंग्रजीतील आठवी ते दहावीच्या मुलांसाठी, ज्यांना दोन्ही भाषांतील शब्द एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याची संधी दुसरीकडे क्वचितच मिळते. मराठी माध्यमातून दहावी होऊन अकरावी विज्ञानाला जाणाऱ्यांनाही सुट्टीत हे पत्ते उपयोगी पडतील. केवळ पाठांतरासाठी घ्यायचे असतील तर घेऊ नयेत, कारण व्याख्यांपेक्षा फोडीतच त्यांची किंमत आहे. जातीचा न छापलेला पत्ता आम्ही घरीच जाड कागद कापून तयार केला. पुढच्या बाजूला भाचीने पिंपळाचे पान काढले आहे आणि मागच्या बाजूला उंबर आणि वडाची नावे शास्त्रीय नावांसह लिहिली आहेत. संचात आता ९७ पत्ते आहेत.